दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

आमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे. ती मी ठेवली, माझ्या आईसाठी. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि आईला एका दमात वर येणं जमायचं नाही. जिन्यात सामान ठेवायचं नाही, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा बजावलं तेव्हा मी म्हटलं, ते सामान नाही, माझी आई आहे. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. माझं माहेर दुधनीच्या बाजूचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि बोलण्यात मराठीला चिकटून आलेली कानडी. वडील गेल्यापासून अव्वा वर्षातले सात-आठ महिने माझ्याकडे राहते. नवरा बार्शीला नोकरीला, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. म्हणजे एरवी घरात आम्ही तिघीच: अव्वा, मी आणि माझी मुलगी. मी शाळेत विज्ञान शिकवते, मुलीच्या नव्हे, दुसऱ्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे माझी जी फजिती झाली तिचं अर्धं श्रेय त्यालाच आहे.

मुलगी आठवीत होती त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती, शाळेच्या खो-खो संघात जागा. सहावीपासून खेळत होती. पाय चपळ, नजर तिखट, हुलकावणी द्यायची ती तर अशी की समोरची पोर तोंडावर पडायची. दिवाळीनंतर संघ निवडायचा होता, आणि जूनपासून माझी मुलगी धावेनाशी झाली. दोनदा खो मिळाला की ही खांबाला धरून उभी. घरी आली की बूट न काढता आडवी.

मी काय केलं असेल? ओरडले. "आळशी झालीयस तू. मोबाइल बघायला बरा दम असतो." खेळाच्या सरांनी पालकसभेत तेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं. "मॅडम, पोरगी हुशार आहे, पण अंग राखून खेळतीय. असंच चाललं तर मला दुसरी बघावी लागंल." मुलगी शेजारीच उभी होती. घरी येऊन न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. पाणी वाया घालवते म्हणून मी त्यावरूनही बोलले.

त्याच दिवसांत आमच्या एका लग्नात माझ्या जाऊबाईंनी तिची हनुवटी धरून म्हटलं, "पोरगी काय उजळली गं! काय लावतेस तिला?" खरंच ती उजळली होती. ओठ, नखं, कानाच्या पाळ्या, सगळंच फिकट. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, फुशारकीने म्हणाले, "काही नाही, साय आणि हळद." आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग एके दिवशी तिच्या दप्तरात पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा सापडला. अख्खा डबा, अर्धा संपलेला. आठवीच्या मुलीला पाटीची पेन्सिल कशाला? तिला विचारलं तर म्हणाली, प्रोजेक्टला. खोटं बोलताना तिची डावी भुवई हलते. मी तडक तिच्या शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. दुकानदार पूर्व भागातले, विणकर घराण्यातले, मला वीस वर्षं ओळखतात. मी विचारलं, "हे पोरींना कशाला विकता?"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पाटी कोण वापरतंय आता? ह्या खायलाच जात्यात की. पोरी नेत्यात, पोरींच्या आया बी नेत्यात." आणि माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मी विषय बदलून एक फुलस्केप वही घेतली.

कारण त्यांना माहीत नसलं तरी मला माहीत होतं. पेन्सिल मीही खायची. शाळेत असताना तर रोज, आणि मुलगी पोटात होती तेव्हा पुन्हा. पेन्सिल जिभेला आधी जराशी चिकटते, मग कुडूम करून तुटते, आणि मग तोंडभर थंड मातकट चव पसरते. ज्याला ती ओढ नाही त्याला हे सांगून कळणार नाही. ज्याला आहे त्याला सांगावंच लागत नाही.

घरी येऊन मी डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटला आणि मुलीला हाक मारली. आता हिला असं झापायचं की जन्माची अद्दल घडली पाहिजे, असं ठरवूनच. ती येऊन मान खाली घालून उभी राहिली. मी तोंड उघडलं, आणि डब्यातून तो वास आला. माझा हात आपोआप पुढे गेला. मी एक पेन्सिल उचलली आणि दातांनी तोडली.

मुलीचे डोळे एवढे मोठे झाले. तेवढ्यात खाली बसून मेथी निवडणारी अव्वा म्हणाली, "मला बी येक दे की."

आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. अव्वाने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तुमी पेनशील खाताव. आमच्या येळंला पेनशील कुटं व्हती? मी चुलीची माती खायची. चूल सारवली की वाळायच्या आत कोपरा खाऊन टाकायची. सासू म्हणायची, ह्या घरात उंदीर लई झाल्यात."

त्या दिवशी आम्ही तिघी ओट्याला टेकून इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरच्या वहिनी काय झालं म्हणून बघायला आल्या. एका घरात तीन पिढ्या एकच चोरी करत होत्या आणि एकीनेही दुसरीला पत्ता लागू दिला नव्हता. हसण्याच्या नादात झापायचं राहून गेलं. पण हसू ओसरल्यावर मला कुठेतरी टोचलं. मी वर्गात शिकवते ते आठवलं: माती खावीशी वाटणं, धाप लागणं, नखं फिकट होणं. फळ्यावर मीच लिहिते आणि त्याखाली दोन रेघा मारते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघींना घेऊन आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने माझ्याएवढ्याच, बोलणं कमी, चष्म्यावरून बघण्याची सवय. त्यांनी मुलीची पापणी खाली ओढून बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग न विचारताच माझीही पापणी ओढली. मग अव्वाची. तिघींचं रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आले. मुलीचं हिमोग्लोबिन साडेआठ. माझं नऊ. अव्वाचा कागद त्यांनी दोनदा वाचला, कारण तिचं जेमतेम सात होतं. बाराच्या पुढे असायला हवं ते.

"मुलगी आळशी नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "ती अर्ध्या रक्तावर खो-खो खेळतेय. वाढीचं वय, नुकतीच पाळी सुरू झालेली. हे फार मुलींचं होतं, आणि बरंही होतं." मग त्या मला माझ्या पाळीबद्दल विचारू लागल्या. मी म्हटलं, चारचौघींसारखीच आहे. किती दिवस? आठ. किती जातं? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. "हे चारचौघींसारखं नाही. तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या." मी म्हटलं, सुट्टीत बघते.

मग त्यांनी अव्वाकडे वळून विचारलं, "आजी, एवढ्या कमी रक्तावर तुम्ही इतकी वर्षं चालत कशा होता?"

अव्वा म्हणाली, "चालत कुटं व्हते बाई? बसत बसत जात व्हते की."

डॉक्टरीणबाई हसल्या. अव्वाही हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण मला ते बसणं दिसत होतं.

गावात पाण्याला हापसा होता, घरापासून लांब. अव्वा डोईवर दोन घागरी घेऊन यायची आणि वाटेत तीनदा बसायची. एकदा लिंबाखाली, एकदा चावडीच्या कट्ट्यावर, एकदा आमच्याच वाड्याच्या, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाच्या, दगडावर. बाकीच्या बायका पुढे निघून जायच्या. "बसली बघा महाराणी," असं घरचेही म्हणायचे आणि दारचेही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. एकदा ती चावडीपाशी बसली, हापशावरच्या सगळ्या बायका बघत होत्या, आणि मला इतकी लाज वाटली की मी तिच्या अंगावर ओरडले, "ऊठ की! सगळ्या बघत्यात." ती उठली. घागरी डोईवर घेतल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दवाखान्यातून परतताना रिक्षात मी तिचा हात धरून म्हटलं, "अव्वा, मी एकदा चावडीपाशी तुला ओरडले होते. चुकलं माझं."

"कवाची गोष्ट काढतीस?" अव्वा म्हणाली. "मला काय बी ध्यानात न्हाय." आणि रिक्षावाल्याला म्हणाली, जरा हळू घे बाबा. मला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

अव्वाच्या वयात रक्त कुठे जातंय ते बघायला हवं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिची दुर्बिणीची तपासणी करायला लावली. गुडघे दुखतात म्हणून अव्वा वर्षानुवर्षं दुकानातून परस्पर गोळ्या आणून खात होती. त्या गोळ्यांनी पोटाला आतून इजा झाली होती आणि रक्त थोडं थोडं झिरपत होतं. त्या गोळ्या बंद झाल्या, पोटाचं औषध सुरू झालं. जंताची गोळी तिघींना. आणि तिघींना लोहाची लाल गोळी, रोज एक.

आता आमच्या माहेरची एक रीत सांगायला हवी. आमच्यात गोळी पाण्याबरोबर घेत नाहीत. कोणतीही गोळी, तापाची असो की डोक्याची, चहाबरोबर. गावात कुणाला डॉक्टरने गोळ्या दिल्या की घरी पहिलं वाक्य, "चूल पेटवा, गोळी घ्यायचीय." पाण्यासंगं गोळी घेतली की पोटात ढवळतं, असं अव्वाचं म्हणणं, आणि तिच्या आईचंही होतं. मी विज्ञान शिकले, शहरात आले, पण गोळी चहाबरोबरच घेत राहिले. ही रीत आहे हेही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्यामुळे आमच्याकडे सकाळचा एक सोहळाच सुरू झाला. सात वाजता अव्वा आलं घालून दाट चहा करायची. आम्ही तिघी गॅलरीत बसायचो. तीन कप, तीन लाल गोळ्या, बशीत कडक भाकरीचे तुकडे. अव्वा "हं" म्हणायची आणि तिघी एकदम गोळी गिळून वर गरम घोट घ्यायचो. ते दिवस मला फार आवडायचे. मुलगी मैत्रिणींच्या गमती सांगायची, अव्वा मेंढरांच्या. एकही गोळी चुकली नाही. पाळावं तर आमच्यासारखं.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा रक्त तपासलं. मुलगी साडेआठवरून पावणेनऊ. मी होते तिथेच. अव्वा किंचित वर, तीही दुखण्याच्या गोळ्या बंद केल्यामुळे असेल.

माझं डोकंच फिरलं. संघाची निवड पंधरा दिवसांवर आली होती आणि मुलगी अजून जिना चढून आली की छातीवर हात ठेवत होती. मी रिपोर्ट घेऊन दवाखान्यात गेले आणि बसायच्या आधीच बोलायला लागले. गोळ्या बोगस आहेत, दुसरी कंपनी द्या, नाहीतर मोठ्या दवाखान्यात जाते, माझ्या मुलीचं वर्ष वाया जातंय. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "गोळी घेता कशी?"

मी अभिमानाने म्हणाले, "रोज सकाळी सात वाजता, चहाबरोबर. एक दिवस चुकवली नाही."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळ्यांवर हात ठेवला. त्या हसत होत्या. "मॅडम, चहातलं तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवतं. पोटात गेलेलं लोह रक्तात जायच्या आत तुमचा चहा त्याला पकडतो. वर दूध आहेच. तीन महिने तुम्ही गोळ्या खाल्ल्या आणि लगेच वाया घालवल्या." मग म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. मी सांगायला हवं होतं." तेवढ्या एका वाक्याने माझा सगळा राग उतरला. त्यांच्या जागी मी असते तर मी ते म्हटलं नसतं.

नवा नियम ठरला. गोळी सकाळी उठल्यावर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि चहा दोन तासांनी. जेवणात मोडाची मटकी, हुलगे, पालेभाजी, रविवारी मटण. पण जेवणावर लगेच चहा नाही.

मुलीला सांगितलं, ती लगेच कबूल झाली. अव्वाला सांगितलं तेव्हा ती अशी बघायला लागली की मी तिला मेंढरं विकायला सांगतेय. "सात वाजता च्या न्हाय? मग सात वाजायचंच कशाला?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आज्जी, मला खेळायचंय. तू चहा करतेस ना, तेव्हा वास येतो आणि मला पण प्यावासा वाटतो." अव्वाने थोडा वेळ तिच्या फिकट बोटांकडे बघितलं. "साकु," ती म्हणाली. साकु म्हणजे पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गॅलरीत तीन पेले लिंबूपाणी होतं आणि अव्वाचा चेहरा लिंबापेक्षा आंबट. पण पहिला पेला तिनेच संपवला.

निवडीच्या आधी मी सरांना जाऊन भेटले. दोन्ही रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवले. म्हटलं, ती अंग राखत नव्हती, अंगात होतंच कुठे. त्यांनी कागद वाचले. "मला काय कळणार मॅडम," ते म्हणाले. "पण आज जी पळंल तिलाच घेणार. बाकीच्या पोरींवर अन्याय नको. जानेवारीत संघात बदल करता येतो, तवा पुन्हा पळवून बघतो." बरोबर होतं त्यांचं. नोव्हेंबरच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ती यादी वाचून घरी आली आणि रडली. पण या वेळी नळ सोडला नाही, अव्वाच्या मांडीवर रडली.

डिसेंबरात एक दिवस मी तिचं दप्तर आवरत होते. तळाशी पेन्सिलींचा डबा होता, पुन्हा नवा घेतलेला. सील फोडलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "अगं हो, विसरलेच. आता खावंसंच नाही वाटत." तिच्या भुवईकडे बघितलं. हलली नाही. त्याच आठवड्यात मला तिचे ओठ दिसले, लाल, थंडीने उकललेले. जाऊबाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरगी सावळली गं जरा." मी त्यांना तिथेच मिठी मारली. त्यांना काही समजलं नाही.

माझं रक्त मात्र तिघींत सगळ्यात मागे होतं. खरं सांगायचं तर सकाळच्या गडबडीत माझी गोळी राहायची, मग मी ती शाळेत मधल्या सुट्टीत घ्यायची, आणि स्टाफरूममध्ये तेव्हा कोण चहा पुढे करतं ते कोणत्याही शिक्षिकेला विचारा. आणि पाळीचं तर सुट्टीत बघणार होते. दिवाळीची सुट्टी येऊन गेली होती.

जानेवारीत सरांनी मुलींना पुन्हा पळवलं. शनिवार होता, मी शाळेतून तपासायच्या वह्या घेऊन परस्पर मैदानावर गेले. अव्वा आधीच रिक्षाने येऊन, मैदानाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, डोक्यावर रुमाल टाकून बसली होती. मुलगी आत उतरली. खांबापाशी थांबली नाही. एकदा, दोनदा, पाचदा सुटली, आणि शेवटी जी पोर तिला धरायला आली तिला अशी हुलकावणी दिली की अव्वा उभी राहून ओरडली, "यव्वा! अगदी मेंढरातल्या पिलागत!" सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग मुलीला जवळ बोलावून पाठीवर थाप मारली. ती आमच्याकडे बघून दोन्ही हात वर करून नाचायला लागली, तेव्हा आम्हाला कळलं.

घरी आलो. मुलगी दोन-दोन पायऱ्या घेत वर गेली, वडिलांना सांगायला. अव्वा तिच्या मागोमाग, लुगड्याचा घोळ एका हातात धरून, कठड्याला न टेकता. मी वह्यांची पिशवी घेऊन मागे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझ्या कानात ठोके वाजायला लागले, आणि मी त्या निळ्या खुर्चीवर बसले. जरासंच, असं मनात म्हणत.

वर अव्वाच्या चपला वाजत होत्या त्या थांबल्या. ती कठड्यावरून खाली वाकली. अंगात रक्त आल्यावरचा तिचा चेहरा मी त्या उजेडात पहिल्यांदाच नीट बघितला.

"ऊठ की," ती म्हणाली. "सगळ्या बघत्यात."

जिन्यात आम्हा दोघींशिवाय कुणीही नव्हतं. तिला सगळं आठवत होतं. चावडी, घागरी, मी, माझे शब्द, जसेच्या तसे, इतकी वर्षं. ती हसत होती, आणि मला एकदम इतकं रडू आलं की वह्यांची पिशवी मांडीवरून घसरली. अव्वा खाली उतरून आली. तिने पिशवी उचलली आणि खांद्याला लावली.

"लेकीचं रगत बघतीस, माझं बघतीस," ती म्हणाली. "तुझं कुणी बघायचं? सोमवारी चल त्या बायकांच्या डाक्टरकडं. मी येते संगं. आन वाटंत बसायचं आसंल तर बस. मी थांबते."